पडद्यावरचं गवत

निवृत्त झालेला इंजिनियर घरात सांभाळणं म्हणजे काय असतं, ते त्याच्या बायकोला विचारावं. ठाकठीकांच्या बायकोला विचारलंत तर ती हातातलं काम बाजूला ठेवून सांगेल, आणि बराच वेळ सांगेल.

ठाकठीक हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. टेलिव्हिजन केंद्रात स्टुडिओतलं चित्र केबलमधून वरच्या मजल्यावर पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. पोचलं की ते फोनवर एकच शब्द बोलायचे, "ठाकठीक," आणि फोन ठेवून द्यायचे. लोकांनी तेच नाव त्यांना चिकटवलं, आणि ते इतकं घट्ट बसलं की निरोप समारंभात साहेबसुद्धा भाषणात तेच बोलून गेले.

आता तुम्ही म्हणाल, केबलमधून चित्र पाठवण्यात एवढं काय? एक टोक इकडे जोडा, एक तिकडे. असं कुणी म्हटलं की ठाकठीक मान हलवायचे आणि समोरच्याला खुर्ची द्यायचे, म्हणजे तास गेलाच समजा. केबल ही भारी मानी वस्तू. तिच्या दोन्ही टोकांना तिच्या तोलाचा रेझिस्टर लावला नाही, तर पाठवलेलं चित्र पलीकडच्या टोकाला आपटून माघारी फिरतं, आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच एक फिकट सावली उभी राहते. रेझिस्टर लावला की सावली जाते, पण अर्धा सिग्नलही जातो. म्हणून केबलच्या तोंडाशी एक वेगवान ॲम्प्लिफायर बसवायचा, त्याने सिग्नल आधीच दुप्पट करून पाठवायचा. अर्धा वाटेत द्यावाच लागतो हो, असं ते सांगायचे.

निवृत्तीनंतर ह्या माणसाने घर पुढ्यात घेतलं. दारावरची घंटा सुधारली, ती आठवडाभर वाजलीच नाही. फ्रीज भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढला, कारण त्याला म्हणे श्वास घेता येत नव्हता. बायकोने डबे कुठे ठेवावेत याचा आराखडा त्यांनी काढून दिला, तेव्हा मात्र तिने सुनेला हाक मारली.

"बाई गं, ह्यांना खाली घेऊन जा. तुझ्यापुढे हात जोडते. तुझ्याकडे तारा आहेत, दिवे आहेत, काहीही हातात दे. पण माझ्या स्वयंपाकघराला काही एक बिघाड झालेला नाही."

खाली म्हणजे तळमजल्यावरची खोली. पूर्वी तिथे गाडी उभी असायची. सुनेने गाडी बाहेर काढली आणि खिडकीखाली लांब टेबल टाकलं. त्यावर सोल्डरिंग आयर्न, सिग्नलची रेघ दाखवणारा एक जुना स्कोप, भिंग लावलेला दिवा आणि तांदळाच्या कणीएवढ्या भागांनी भरलेले चिमुकले खण. तिने चांगली नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं होतं. मुलगा कॉलेजात शिकवायचा. त्याला बायकोच्या कामातलं काही कळत नव्हतं आणि आपल्याला कळत नाही हे तो आनंदाने मान्य करायचा, त्यामुळे त्यांचं छान चाललं होतं.

सुनेची पहिली स्वतःची ऑर्डर होती बस डेपोची. बसच्या चाकांना जोडणारा जो जाडजूड लोखंडी कणा असतो, त्यात कधीकधी आतल्या आत बारीक चीर पडते. वरून हात फिरवला तर काही कळत नाही. म्हणून कण्याच्या टोकाला एक सेन्सर लावायचा, आत आवाजाचा ठोका सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. चीर असेल तर ठोका तिला आपटून लवकर परत येतो, आणि पडद्यावरच्या सपाट रेघेत मध्येच एक सुळका दिसतो. सुनेने हीच पेटी बनवायला घेतली होती. चाचणीत पेटी पास झाली, तर डेपोच्या बाकीच्या पेट्याही तिच्याकडे येणार होत्या. नाही झाली तर ती पुन्हा नोकरी शोधणार होती. हे तिने घरात सगळ्यांना एकदाच, शांतपणे सांगितलं होतं, आणि पुन्हा कुणी विषय काढला नव्हता.

पेटीत दोन वेगवान ॲम्प्लिफायर होते. पहिला सेन्सरजवळ, लांब केबल हाकणारा. तो म्हणजे ठाकठीकांचा जुना मित्रच. दुसरा पेटीत, कन्व्हर्टरच्या आधी. कन्व्हर्टर म्हणजे सिग्नलचे आकडे करणारी चिप.

"तुमच्या वेळी हा नव्हता, बाबा," सून म्हणाली. "हा सिग्नल सलग पीत नाही, घोट घेतो. सेकंदाला कोट्यवधी घोट. आणि दर घोटाला आधीच्या ॲम्प्लिफायरला एक हिसका देतो. पुढचा घोट यायच्या आत ज्याने सावरायचं, तो हा दुसरा ॲम्प्लिफायर."

"आणि हा बारका कपॅसिटर?"

"कन्व्हर्टरच्या तोंडाशी ठेवलेला पेला समजा. घोट त्यातून जातो, म्हणजे हिसका कमी बसतो."

"अच्छा," ठाकठीक म्हणाले. त्यांना ही मुलगी फार आवडायची. कुठलीही गोष्ट सांगताना ती घाई करत नसे आणि आपल्याला जास्त कळतं असा आव तर मुळीच आणत नसे.

केबल जाड आणि हट्टी. जोडली की ती पीळ खायची आणि हे सगळं बसवलेलं हलकंसं बोर्ड टेबलावरून ओढून न्यायची. म्हणून बोर्ड कुणीतरी धरायला हवं होतं. ठाकठीक उंच स्टुलावर बसले, डाव्या हाताने त्यांनी बोर्डाची कड धरली. सुनेने वीज सोडली. पडद्यावर सपाट, स्वच्छ रेघ आली, आणि तिच्यात नमुन्याच्या लोखंडी तुकड्यातल्या चिरेचा एकच सुळका. सून जागच्या जागी उडीच मारणार होती.

पुढच्या दिवसांत एक गंमत घरात सगळ्यांच्या ध्यानात आली. ठाकठीक खाली असले की पेटी चालायची. ते दुपारी आडवे व्हायला वर गेले आणि सुनेने केबलवर लाकडाचा ठोकळा ठेवून एकटीने वीज सोडली, की रेघ थरथरायची आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत बारीक बारीक काड्या उगवायच्या. डेपोवाले त्याला गवतच म्हणायचे. मग जिन्याखालून हाक यायची, "बाबा, या ना जरा!"

"बाबांना हातगुण आहे," मुलगा म्हणायचा.

"मग इतकी वर्षं माझ्या मिक्सरला का नाही लागला?" हे अर्थातच बायको.

ठाकठीक वरवर "काहीतरीच तुमचं" म्हणायचे, पण खरं सांगायचं तर मनातून त्यांना गुदगुल्या व्हायच्या. जिना उतरताना त्यांची पावलं पूर्वीसारखी पडायला लागली होती. दाढी रोज होऊ लागली. केंद्रात त्यांच्यावाचून अडतंय असं निदान दिवसातून दोनदा व्हायचं. निवृत्त झाल्यावर त्यांच्यावाचून काहीच अडत नव्हतं, फ्रीजसुद्धा नाही. आणि आता कुणीतरी हाक मारत होतं.

सुनेचा संशय आधी विजेच्या पुरवठ्यावर गेला. तो तिने बदलला. मग बोर्ड पत्र्याच्या पेटीत बसवायची वेळ आली. झाकण लावलं आणि पडद्यावर गवत उगवलं, सासरे शेजारीच बसलेले असूनसुद्धा. झाकण काढलं, त्यांनी बोर्ड धरलं, रेघ स्वच्छ. पुन्हा झाकण, पुन्हा गवत. झालं! झाकणच चोर ठरलं. सुनेने झाकणाला आतून कागद चिकटवला, मग रबर लावलं, मग ते घासून पातळ केलं. स्कोपचा प्रोब, म्हणजे त्याची तपासायची सुई, बोर्डावर टेकवून पाहिली तर ती टेकवली की सगळं गप्प. दारात पोलीस आल्यावर भांडण थांबावं तसं. प्रोब काढला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आणि अशाच एका दुपारी, झाकण काढलेलं असताना, ठाकठीकांच्या कानाला खाज सुटली.

सून नवीन झाकणाचं माप घ्यायला कोपऱ्यात वाकली होती. त्यांनी डावा हात उचलून कान खाजवला. पडद्यावर गवत उभं राहिलं. हात परत ठेवला, गवत गेलं. त्यांनी पुन्हा हात उचलला. गवत. मग चार बोटं बोर्डावरच ठेवून त्यांनी फक्त अंगठा उचलला. गवत. अंगठा टेकत होता तो दुसऱ्या ॲम्प्लिफायरच्या पायाशी, जिथून कपॅसिटर सुरू होतो तिथे.

त्यांना सगळं एका क्षणात कळलं. असले वेगवान ॲम्प्लिफायर फार तापट. त्यांच्या तोंडाशी थेट कपॅसिटर टांगला आणि मध्ये पुरेसा रेझिस्टर ठेवला नाही, तर ते सिग्नल सोडून स्वतःच गायला लागतात. इतक्या वरच्या पट्टीत, की सुनेच्या जुन्या स्कोपला ते दिसतही नाही, नुसती रेघ जराशी जाड दिसते. केंद्रात लांब केबलपायी असे गाणारे ॲम्प्लिफायर त्यांनी किती गप्प केले होते. इथे ते काम त्यांचा अंगठा करत होता. कातडीच तेवढा विरोध करत होती, थोडं थरथरणं पिऊन टाकत होती. प्रोबही तेच करत होता. हातगुण कसला आणि काय! आणि झाकण बिचारं निरपराध होतं. ते लावलं की अंगठा बाहेर राहायचा, एवढंच.

"बाबा, काही झालं का?" सुनेने कोपऱ्यातून विचारलं.

"कुठे काय," ठाकठीक म्हणाले. त्यांनी अंगठा जागेवर ठेवला.

का नाही सांगितलं त्यांनी तेव्हाच? एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की एक रेझिस्टर बदलायचा, पेटी बंद करायची, आणि आपण उद्यापासून वर जाऊन फ्रीजकडे बघत बसायचं. संध्याकाळी सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. संध्याकाळी सून दमली होती, म्हणून सकाळी सांगू. सकाळी तिने हाक मारली, "बाबा, या ना," आणि ते गेले, स्टुलावर बसले, अंगठा ठेवला, आणि मूग गिळून गप्प राहिले. सून झाकण घासत होती. तिच्या बोटांना पत्र्याचे ओरखडे पडले होते. ते बघून त्यांना चहा जाईना.

त्याच संध्याकाळी ते जिन्यात थांबले, कारण खालच्या खोलीत सून नवऱ्याशी बोलत होती.

"मला नाही जमणार हे. एक झाकण लावता येत नाही मला. उगाच नोकरी सोडली."

"दोन दिवस आहेत अजून चाचणीला."

"बाबांना बरोबर नेते. ते असले की चालते निदान. हसू नकोस, माझं आता डोकंच चालत नाहीये."

ठाकठीक तसेच मागे फिरले आणि वर गेले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ते पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं, अंगठ्यापासून झाकणापर्यंत. तिने घड्या घालणं थांबवलं नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि पोरगी पत्रा घासत बसलीय?"

"अगं, मी सांगणारच होतो."

"कधी? ती नोकरीला लागल्यावर?"

"ती मला हाक मारते ना रोज," ठाकठीक म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "दुसरं कुणी मारतं का आता?"

बायकोने हातातला सदरा मांडीवर ठेवला. इतक्या वर्षांत ह्या माणसाने असं काही कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"अहो, मी मारते की. तुम्ही डबे हलवायला लागलात म्हणून खाली धाडलं, नको झालात म्हणून नाही. आणि तिकडे डेपोत ती पेटी खरी वापरणार ना? त्या गवतात एखादी खरी चीर लपली तर? बसमध्ये माणसं बसतात."

हे मात्र ठाकठीकांना आधीच ठाऊक होतं, आणि तेच त्यांना रात्रभर टोचलं होतं. ते उठले. "मी जातो खाली," म्हणाले.

खाली मुलगा निघून गेला होता. सून दिव्याच्या भिंगाखाली झाकण धरून बसली होती.

"ते ठेव बाजूला," ठाकठीक म्हणाले. "झाकणात काही नाही. पेटी उघड, वीज सोड, आणि माझ्या अंगठ्याकडे बघ."

ते स्टुलावर बसले. अंगठा ठेवला, उचलला, ठेवला, उचलला. गवत गेलं, आलं, गेलं, आलं. सून पडद्याकडे बघत राहिली, मग त्यांच्या अंगठ्याकडे. तिचं तोंड उघडं पडलं. तिने स्वतःचं बोट नेऊन त्याच जागी टेकवलं. गवत गेलं. तिच्याही बोटाने गेलं.

"ॲम्प्लिफायर गातोय," ती हळूच म्हणाली. "कपॅसिटरमुळे. मधला रेझिस्टर कमी पडतोय. अरे देवा, मी कन्व्हर्टरला जपायला गेले आणि ह्याला विसरले." मग ती थांबली. "तुम्हाला हे आत्ता कळलं?"

इथे खोटं बोलायला जागा होती. ठाकठीकांनी ती घेतली नाही.

"काल दुपारी कळलं," ते म्हणाले. "कान खाजवला तेव्हा. मी मुद्दाम नाही सांगितलं. तू हाक मारतेस ते बरं वाटत होतं मला. चुकलं माझं."

सुनेने स्वतःच्या बोटांवरच्या ओरखड्यांकडे पाहिलं. तिला राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही. खण उघडताना तो जरा जास्तच जोरात ओढला गेला. ठाकठीक स्टुलावरून उतरून उभे राहिले, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. जावं की थांबावं ते त्यांना समजेना.

"बसा," ती शेवटी म्हणाली. "दिवा धरा इकडे. जवळ नको. लांबूनच."

तिने कागदावर हिशेब मांडला. रेझिस्टर फार वाढवला तर पेला पुढच्या घोटाच्या आत भरणार नाही. कमी ठेवला तर गाणं थांबणार नाही. मग तिने कपॅसिटर लहान केला, रेझिस्टर मोठा केला, आणि दोन्ही ॲम्प्लिफायरच्या अगदी अंगालगत बसवले. ठाकठीक दिवा धरून होते. एकदा त्यांचा हात सवयीने पुढे गेला.

"हात!" सून ओरडली.

त्यांनी दोन्ही हात वर केले, दिव्यासकट. सुनेला हसू आलं, आणि ते आल्याचा तिला आणखी राग आला. तिने वीज सोडली. स्वच्छ रेघ, एक सुळका. तिने झाकण लावलं, स्क्रू आवळले. रेघ तशीच. तिने पेटी उचलून हलवली, केबल ओढून बघितली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. रेघ तशीच. तिचा जीव भांड्यात पडला. ठाकठीकांनी दिवा जागेवर ठेवला, शुभ रात्री म्हटलं आणि ते वर गेले. आपलं काम संपलं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

चाचणीच्या सकाळी ते खिडकीपाशी बसले होते. खालून हाक आली.

"बाबा! झालं का आवरून?"

"मी कशाला?" त्यांनी वरूनच विचारलं. "आता माझं काय काम?"

"काही नाही. चला."

डेपोची कार्यशाळा उंच छपराची, तेलाच्या वासाची. एका बाजूला चाकं काढलेली बस टेकूवर उभी होती. तपासनीस बाई ठेंगण्या, कडक, करड्या केसांच्या. त्यांनी चाचणीसाठी तीन कणे मांडून ठेवले होते. त्यातल्या कुठल्या कण्याबद्दल संशय आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. ठाकठीक दाराजवळ थांबले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

पहिला कणा. सपाट रेघ. दुसरा. सपाट रेघ. तिसऱ्याला सेन्सर लावला आणि रेघेच्या मधोमध बारीकसा, पण अगदी स्पष्ट सुळका उभा राहिला. गवताची एक काडी नाही. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. स्वतः सेन्सर हातात घेऊन तिन्ही कणे पुन्हा पाहिले, केबल मुद्दाम पिळून पाहिली.

"ही चीर आमच्या जुन्या पेटीला सापडली नव्हती," त्या म्हणाल्या. "आम्ही तो कणा कापणार आहोत, तेव्हा कळेलच. पण मला पेटी पसंत आहे. बाकीच्याही करा."

सुनेने मान हलवली. तेवढ्यात बाईंची नजर दाराकडे गेली.

"हे कोण? मघापासून बघतेय, हात मागे बांधून उभे आहेत."

"हे माझे सासरे," सून म्हणाली. "माझ्याबरोबर काम करतात."

"असं? काय काम करतात?"

ठाकठीकांनी मान खाली घातली. त्यांनाही ते ऐकायचं होतं.

"माझं चुकलं तर सांगतात," सून म्हणाली. मग तिने त्यांच्याकडे बघितलं, आणि चेहरा शक्य तितका कडक ठेवला. "स्वतःचं चुकलं तरी सांगतात. जरा उशीर करतात, पण सांगतात."

तपासनीस बाई हसल्या नाहीत. "मग जपा त्यांना," त्या म्हणाल्या. "असं माणूस मी पण शोधतेय."

ठाकठीक उगाचच जवळच्या बसकडे वळले आणि तिच्याखालचा टेकू न्याहाळू लागले. मागून सुनेचा आवाज आला, केबलचं भेंडोळं गुंडाळता गुंडाळता.

"बाबा, तिकडे काय बघताय? या, हे दुसरं टोक धरा."